वाटणीतली गाडी

"आटप की! ऊन डोक्यावर आलं," भिंतीवर बसलेला धाकटा भाऊ शहादेव म्हणाला. "का इंजिन बी काढून घरात ठिवायलास?"

रामहरीनं वर पाहिलं नाही. उघड्या बॉनेटमध्ये कंबरेपर्यंत वाकून तो रेडिएटरचा शेवटचा बोल्ट सोडवत होता. गल्लीत गुढ्या उभ्या राहिल्या होत्या. त्याची बायको भामाबाई नैवेद्यासाठी दोनदा हाक मारून गेली होती. पाना निसटला, बोटाचं सालटं निघालं. त्यानं बोट क्षणभर तोंडात धरलं आणि पुन्हा वाकला.

"माझा हाय रेडिएटर. मी काढणार," तो बोल्टलाच सांगितल्यासारखं म्हणाला.

"काढ, काढ. टायर काढलेस, ब्याटरी काढलीस. ऱ्हायलेलं लोखंड मला."

"दिवाळीला तू काय देलतंस? काच पुसायचं फडकं बी नेलंस."

"हिवाळा कोणी घेतला पर? थोरला म्हणून आधी तूच हात घातलास. मला ऊन आन् पाऊस."

रामहरीनं शेवटचा बोल्ट काढून खिशात टाकला. तो रेडिएटर उचलून, लहान मूल कडेवर घ्यावं तसा धरून घरात घेऊन गेला.

गाडी त्यांच्या वडिलांची, हरिबांची; पोरं त्यांना आबा म्हणत. गेवराईला हरिबांचं कापसाचं जिनिंग होतं. एका खटल्यासाठी ते मुंबईला गेले आणि वकिलाच्या दारात उभी असलेली ही लाल, विलायती, कापडी टपाची गाडी घेऊन परत आले. शर्यतीची गाडी. दोनच माणसं बसायची. एक हरिबा. दुसरं कोण, यावरून घरात दोन पोरांची जी रडारड सुरू झाली ती पुढं कधी थांबलीच नाही.

हरिबा गेल्यावर वाटणी झाली. जमीन वाटली, घर वाटलं, अंगणातून भिंत घातली. गाडी मात्र दोघांपैकी कुणीच सोडेना. शेवटी वैतागून एक पंच म्हणाला, विहिरीच्या पाण्याला जशी पाळी, तशी गाडीलाही लावा. दिवाळी ते पाडवा रामहरी, पाडवा ते दिवाळी शहादेव. सगळ्यांनी माना डोलावल्या. विहिरीतलं पाणी उपसलं तरी पुन्हा भरतं, गाडीचं तसं नाही, हे त्या बैठकीत कुणाच्या लक्षात आलं नाही.

पहिल्या वर्षी रामहरीनं नवी बॅटरी घातली आणि पाळी संपल्यावर ती शहादेवाकडे गेली. दिवाळीला परत आली ती मेलेली. पुढच्या पाडव्याला रामहरीनं बॅटरी काढून घेतली. शहादेवानं मग टायर काढले. होता होता प्रत्येकाचा आपला संच झाला आणि वर्षातून दोनदा ती गाडी मजुरांकडून ढकलत एका फाटकातून निघून शेजारच्या फाटकातून आत जाऊ लागली.

रामहरीनं नोकरी केली ती गेवराईच्या कॉलेजात, ग्रंथालयाचा कारकून म्हणून. पुस्तकं द्यायची, पुस्तकं घ्यायची. मुलं खिडकीतून कार्ड सरकवत, तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघत नसत. चारचौघांत त्याला बोलता येत नसे. वाक्य मनात जुळेपर्यंत विषय बदललेला असे. घरी आल्यावर ते वाक्य तो भामाबाईला सांगे आणि ती म्हणे, "मंग तितं कावून न्हाई बोललात?"

गाडीनं त्याला छळलं. बुटकी असल्यामुळं प्रत्येक स्पीडब्रेकरवर तिच्या पोटाखालचा चेंबर घासे. उंदरांनी वायरी खाल्ल्या. एका साध्या रबरी नळीसाठी पुण्याच्या जुन्या बाजारात दोन खेपा झाल्या. गावातली माणसं विचारत, "रामहरीभाऊ, आज गाडी चालवायलाव का ढकलायलाव?" पण थंडीतल्या पहाटे कधीतरी ती एका दमात सुरू होई. टप मागं टाकून तो हायवेला लागे. तिसऱ्या गिअरनंतर इंजिनचा आवाज बदले. घोगरेपणा जाई आणि एक सलग, मोकळा सूर लागे. गार वारा कानशिलांवर आपटे. तेवढ्या वेळात रामहरीला स्वतःविषयी कसलीही शंका नसे.

म्हणूनच बहुधा त्याच्या हातून ती चूक झाली. नात वैष्णवीचा साखरपुडा हिवाळ्यात झाला. युसूफ वडगाव या गावची सोयरी मंडळी गाडीभोवती गोळा झाली, टपाला हात लावून बघू लागली. नवरा मुलगा रविराज तर उकिडवा बसून चाकांच्या तारा न्याहाळत होता. रामहरी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत वेळेवर बोलला. "परण्याला नवरदेव ह्याच गाडीत. मी सोता चालवणार." लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला न्यायचं, तो परण्या. सगळ्यांनी वा वा केली. मग तारीख धरली गेली ती वैशाखातली. वैशाखात गाडी शहादेवाची असते, हे त्याला रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं.

पाडवा होऊन गेला. लग्न तोंडावर आलं. रामहरीनं काही केलं नाही. शेवटी मुलगा भारत, वैष्णवीचा बाप, पुण्याहून आला आणि तोच पलीकडं जाऊन काकाला विचारून आला.

"काका गाडी देतो म्हणले."

रामहरीच्या छातीवरचं ओझं हललं. "खरंच?"

"पर चालवणार ते. मी हो म्हणलो, अण्णा. नाहीतर काय करणार होतो? पत्रिकेसोबत गाडीचा फोटो फिरलाय सगळीकडं."

"मी सांगितलंय त्यांना, मी चालवणार म्हणून."

"कोणाच्या ध्यानात ऱ्हातंय? तुमचं आपलं..."

भारतनं वाक्य पुरं केलं नाही. रामहरीनं ते मनात पुरं केलं.

मग तो म्हणाला, "तापंल ती."

"काय?"

"शहादूचा रेडिएटर गळतोय. हायवेला पळवतो तवर वारा लागतो, भागतं. परण्यात डीजेच्या मागं पायी चालल्यावानी चालवायची, वैशाखाच्या उन्हात. मारुतीपर्यंत बी जाणार न्हाई. वाफ निघंल."

"मग तुमचा बसवा की."

"त्यानं मागितला का?"

चुलीपाशी बसलेल्या भामाबाईनं हातातलं उलथनं खाली ठेवलं.

"त्यांला ठावं न्हाई का गळतोय म्हणून? ठावं हाय. ते मागणार न्हाईत आन् तुमी देणार न्हाईत. त्या डब्यापायी नातजावयाला भर रस्त्यात वाफंत उभं करा. वडगावची माणसं हसतील, पोरीला जलमभर ऐकवतील. दोघा भावांचं काळीज गार हुईल."

रामहरी उठून आतल्या खोलीत गेला. कोपऱ्यात पोत्याखाली रेडिएटर होता. जालन्याच्या कारागिराकडून त्यानं तो मुद्दाम घडवून घेतला होता, पितळी, भरभक्कम. त्याच्या मनात एक चित्र आलं आणि ते त्याला आवडलं, हे नाकारता आलं नाही. बॉनेटमधून वाफ निघते आहे, शहादेव फेटा बांधून खाली उतरला आहे, गावची माणसं बघताहेत. त्या चित्रात वैष्णवी कुठंच नव्हती. तिला त्यात बसवून बघितल्यावर ते चित्र त्याला पुढं नेता येईना.

हळदीच्या दिवशी दुपारी त्यानं रेडिएटर खांद्यावर घेतला. भिंतीला दार नव्हतं. शहादेवाकडं जायचं तर गल्लीनं वळसा घालून, पारावरून जावं लागे. पारावर नेहमीची माणसं होती.

"रामहरीभाऊ, पेटी घिऊन कुठं? भजनाला का?"

"भजनाला न्हाई बे, धाकट्याच्या पाया पडायला चाललेत."

हसू मागं राहिलं. रामहरी शहादेवाच्या फाटकातून आत गेला. शहादेव लिंबाखाली बाजेवर बसून चहा पीत होता. त्यानं रेडिएटरकडं बघितलं आणि चहाचा एक घोट घेतला.

"मी मागितला व्हता का?"

"न्हाई."

"मंग?"

"उद्यापुरता बसव."

"बसव म्हणं. आन् परवा गावभर सांग, शहादूची गाडी माझ्या रेडिएटरवर चालली."

"न्हाई सांगणार."

"तू सांगणार न्हाईस. तुजं थोबाडच सांगंल. कसं करतोस तू त्वांड, मला ठावं हाय. सगळ्यांनी तुज्यावर अन्याव केल्यावानी."

रामहरी ओझं खांद्यावर घेऊन तसाच उभा होता. खाली ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं.

"मी हात लावणार न्हाई," शहादेव म्हणाला. "बसवायचा तर तुज्या हातानं बसव."

रामहरीनं बॉनेट उघडलं. जुना रेडिएटर काढला, त्यातलं गंजकं पाणी त्याच्या धोतरावर सांडलं. आपला बसवायला घेतला. शहादेवाची बायको बायडाबाई डोक्यावरचा पदर सावरत दारात आली, चहा ठेवू का असं नवऱ्याला खुणेनं विचारलं. शहादेवानं मान हलवली नाही. ती आत गेली.

खालचा बोल्ट एकट्यानं लागेना. एका बाजूनं पाना लावला की दुसरीकडून नट फिरे. रामहरी बराच वेळ झटत राहिला. घाम डोळ्यांत उतरला. शेवटी बाज करकरली. शहादेव आला, दुसऱ्या बाजूनं वाकला आणि त्यानं नट धरला. दोघांची तोंडं त्या बॉनेटखाली वीतभर अंतरावर होती. इतक्या जवळून त्यांनी एकमेकांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. शहादेवाच्या भुवयाही पांढऱ्या झाल्या होत्या.

"आबा तुला का न्हाई न्यायचे, ठावं हाय का?" शहादेव खालच्या आवाजात म्हणाला.

"तू रडायचास म्हणून."

"न्हाई. तू गाडीत बसला की पुस्तक काढायचास. रस्ता बघायचा सोडून पुस्तकात मुंडी. मग ओकायचास. आबा म्हणायचे, ह्याला गाडी कशाला, ह्याला लायब्ररीत बसवा."

"खोटं हाय."

"ऱ्हाऊ दे खोटं. आवळ तू."

रामहरीनं बोल्ट आवळला. रस्त्याचं त्याला काहीच आठवत नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं. आठवत होती ती मांडीवरची हलणारी अक्षरं.

काम झाल्यावर शहादेवानं हात झटकले. "लगीन झालं की घिऊन जा तुजा डबा. माझ्या दारात ठिवायचा न्हाई," एवढंच म्हणून तो बाजेवर जाऊन आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी परण्या निघाला तेव्हा डांबर पायाला चिकटत होतं. पुढं डीजे, त्यामागं नाचणारी पोरं, त्यामागं ती लाल गाडी. टप मागं टाकला होता. मुंडावळ्या बांधलेला रविराज, शेजारी भगव्या फेट्यातला शहादेव. त्यानं काळा चष्मा लावला होता. एक हात स्टिअरिंगवर, एक दारावर ताल देत. बायका माड्यांवरून बघत होत्या. "शहादेवरावांची गाडी बरं का," कुणीतरी वडगावच्या पाहुण्यांना सांगत होतं. रामहरी पुढच्या चाकाच्या अंगानं चालत होता आणि डीजेच्या दणक्यातून इंजिनचा आवाज शोधत होता. आवाज सरळ होता. वाफ नव्हती.

मारुतीपाशी रविराज उतरला, पाया पडून आला. गाडीत बसताना त्याची नजर रामहरीवर गेली.

"आजोबा, तुमी चालवणार व्हतात ना? साखरपुड्यात म्हणलतात."

शहादेवानं चष्म्याआडून समोर बघणं सोडलं नाही, पण त्याचा दारावरचा हात थांबला.

रामहरीकडं या वेळी वाक्य तयार होतं. रात्रभर त्यानं ते जुळवलं होतं, त्यात रेडिएटरही होता. ते त्यानं मागं ठेवलं. "उन्हात दिसत न्हाई मला आता नीट," तो म्हणाला. "शहादूचा हात साफ हाय. तू बस."

शहादेवानं गिअर टाकला.

परतीच्या वाटेवर गर्दी वाढली. डीजेनं गाणं बदललं आणि पोरं नाचत नाचत मागं सरकली, थेट गाडीच्या तोंडाला येऊन भिडली. गाडीच्या जाळीसमोर घामेजलेल्या पाठींची भिंत झाली. रामहरीला इंजिनचा सूर जड झाल्यासारखा वाटला. तो चाकापासून पुढं धावला, पोरांमध्ये घुसला. "सरका रं! वारा लागू द्या तिला! सरका!" त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. त्यानं दोन्ही हात पसरले आणि पोरांना रेटत रेटत पुढं नेलं. कुणी हसलं, कुणाचा कोपर त्याच्या बरगडीत बसला. पण जागा झाली.

मागून हॉर्न वाजला. पुन्हा वाजला, लांब.

"तूच उभा हायस मधी!" शहादेव ओरडला. "बाजूला हो! वारा आडवायलास!"

रामहरीनं वळून बघितलं. खरं होतं. पोरं पुढं गेली होती आणि जाळीसमोर आता तो एकटाच होता.

तो बाजूला झाला. गाडी त्याच्या जवळून पुढं गेली, तिची ऊब त्याच्या पोटऱ्यांना लागली. रविराजनं त्याच्याकडं बघून हात केला. मागची माणसं आता दोन्ही अंगांनी पुढं घुसायला बघत होती. रामहरी गटाराच्या काठाकाठानं गाडीच्या बरोबरीनं चालू लागला, दोन्ही हात तसेच पसरून, त्या अंगानं कुणाला जाळीसमोर जाऊ न देता.