पंचमीची फुगडी

वाटूरला आम्ही पोरी पंचमीच्या आधी आठ-दहा दिवस मारुतीच्या पारापुढं जमायचो. दिवस कलला की फेर धरायचा, गाणी म्हणायची, शेवटी फुगड्या. तेवढा वेळ आम्हाला कुणी काही म्हणत नसे. माझी जोडी नंदाशी. ती शेजारच्या रामरावांची मुलगी, माझ्याच वयाची. आम्ही फिरायला लागलो की बाकीच्या पोरी थांबून बघायच्या.

१९५४ साली मी पंधरा वर्षांची होते. पंचमीच्या आठवडाभर आधी तीर्थपुरीहून मला बघायला पाहुणे आले. मुलगा मॅट्रिक झालेला, घरची बागाईत. त्यांना पाणी द्यायला आईनं नंदाला बोलावलं होतं. तिसऱ्या दिवशी निरोप आला. वडील आईला हळूच म्हणाले, "त्यायला आपली उषा न्हाई, पाणी देणारी पोरगी पसंत हाये."

मी ज्वारी निवडत होते. सूप खाली ठेवलं नाही. आता रडू येईल म्हणून वाट पाहिली. काहीच आलं नाही. सगळी ज्वारी निवडून झाली.

पंचमीच्या दुपारी नंदा दारात उभी.

"उषे, तू माझ्याशी बोलून का न्हाई राह्यली? म्या काय त्यायला बोलवायला गेल्ते का?"

"बोलतेच की."

"मंग चल जल्दी. पोरी थांबल्यात."

पारापुढं आम्ही हात आडवे धरले, पाय जुळवले, अंगं मागं टाकली. नंदाचे तळवे घामेजले होते. ती हसत ओरडली, "जोरात, उषे, अजून जोरात!" मी वेग वाढवला. तिचा चेहरा तेवढा दिसत होता, बाकी सगळं पुसल्यासारखं. मग माझे हात रिकामे झाले.

ती पाराच्या दगडावर आपटली. डाव्या कानातून रक्त येत होतं. कुणी विचारायच्या आधीच मी म्हणाले, "घामानं निसटला हात."

तिला जालन्याला दवाखान्यात नेलं. ती वाचली, पण डावा कान कायमचा गेला. तीर्थपुरीच्या लोकांनी तिला नको म्हटलं, आणि दिवाळीनंतर तेच लोक पुन्हा आमच्या ओसरीवर येऊन बसले. वडिलांनी होकार दिला. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? हळदीला नंदा आली. ती माझ्या पायांना हळद लावत होती आणि ते पाय दुसऱ्याच कुणाचे असावेत तशी मी बघत होते.

पुढं तिला मंठ्याच्या एका बिजवराला दिली.

१९५९ च्या पंचमीला आम्ही दोघीही माहेरी होतो. नंदा धाकट्याला कडेवर घेऊन आली आणि उजवा कान माझ्याकडं करून बसली.

"एक विचारू, उषे? त्या दिवशी हात निसटला, का तू सोडला?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण खरं काय ते मला तरी कुठं ठाऊक होतं?

"मला माहीत न्हाई, नंदे. बिलकुल माहीत न्हाई."

तिनं मान हलवली.

"नवरा बरा हाये का तुझा?"

"हाये. मारत न्हाई."

"माझाबी बरा हाये."

पाराकडं गाणी सुरू झाली. कुणीतरी तिला हाक मारली. तिला ऐकू आली नाही, मी सांगितलं. ती उठली, लेकरू माझ्या मांडीवर दिलं आणि गेली. थोड्या वेळानं पोरींचा गलका झाला, नंदाचं नाव घेऊन. मी लेकराला थोपटत राहिले. ते झोपलं.

दिवे लागायच्या वेळेला ती परत आली. केस सुटलेले, चेहरा लाल.

"उद्या सकाळच्या मोटारीनं जाते," ती म्हणाली.

"बरं," मी म्हणाले, आणि तिचं लेकरू तिच्याकडं दिलं.