पाच वर्षांतून एकदा पुकारलेलं नाव

मी टेबल बोलतोय. सिमरौलीच्या प्राथमिक शाळेतलं सागवानी टेबल. हलकाई सुतार मला घडवत होता तेव्हा त्याचं सारं लक्ष शेजारच्या लग्नघरातल्या पुऱ्यांकडे होतं, म्हणून माझा एक पाय आखूड राहिला. त्याखाली आजही खापरीचा तुकडा आहे. एरवी गुरुजी माझ्यावर डोकं टेकून डुलक्या काढतात. पण निवडणूक आली, की मला ओढत दारासमोर आणतात, माझ्यावर मतदारयादी पसरतात, आणि मग बघावा माझा थाट! बुंदेलखंडातल्या या मतदारसंघाने विधानसभेसाठी पहिल्यांदा मत दिलं, तेव्हापासूनची एकही खेप माझ्याशिवाय पार पडलेली नाही.

बावन्न साली प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती. पडद्याआड जायचं, हव्या त्या चिन्हाच्या पेटीत कागद टाकायचा, बस. आमची माणसं आत गेली आणि पेट्यांना हात जोडून बाहेर आली. कोणी झेंडूचं फूल वाहिलं. मोहन कक्कांनी तर विहीर मागणारा अर्जच पेटीत सरकवला. निवडून आले गढीवरचे दीवानसाहेब. विहीर काही आली नाही.

त्याच दिवशी एक तरुण सून घुंगट ओढून माझ्यासमोर उभी राहिली. सगळे तिला बरेठीवाली म्हणत, कारण तिचं माहेर बरेठी. आमच्याकडे सुनेचं नाव माहेरीच राहतं. सासरी ते कोणी विचारत नाही, तीही सांगत नाही. यादी करायला आलेल्या माणसालाही घरच्यांनी ‘हरप्रसादची बायको’ एवढंच लिहून दिलं होतं. आणि असल्या बिननावाच्या नोंदी वरच्या कचेरीत छाटून टाकल्या होत्या.

“यादीत नाहीस तू, बाई,” कारकून म्हणाला.

“असं कसं? ही काय, तुमच्यासमोर तर उभी आहे!”

मागचे पुरुष फिदीफिदी हसले. ती तशीच परतली. मला फार वाईट वाटलं. पण टेबलाचं कोण ऐकतो?

पुढच्या यादीच्या वेळी पटवारी माझ्यावर दौत ठेवून बसला होता. बरेठीवाली आपली आपण आली.

“लिहा, बरेठीवाली.”

“ते तुझ्या गावाचं नाव झालं. गाव येणार आहे का मत द्यायला? तुझं सांग.”

तिने दाराकडे पाहिलं. सासू बाहेर पिंपळाखाली बसली होती. मग माझी कड घट्ट धरून ती पुटपुटली, “हरबाई.”

“मोठ्यानं बोल. लेखणीला कान नसतात.”

“हरबाई!”

“अगं ए निर्लज्जे,” सासू बाहेरून कडाडली, “परक्या पुरुषाला नाव सांगतेस? चल घरी, बघते तुला!”

घरी तिला काय सोसावं लागलं ते मला ठाऊक नाही. पण सत्तावन्न साली ती मत द्यायला आली.

मतदानाची रीत अशी, की माझ्यामागे बसलेला अधिकारी यादीतलं नाव मोठ्याने पुकारतो, म्हणजे उमेदवारांच्या माणसांनाही ते ऐकू जावं. “हरबाई, पती हरप्रसाद!” असा पुकारा झाला आणि ती जागच्या जागी थबकली. लग्नाला दहा वर्षं झाली होती. या गावात तिला नावाने पहिल्यांदाच कोणी बोलावलं होतं. शाई लावून घेतानाही ती त्या पुकारणाऱ्याकडेच बघत राहिली, आणि एक थेंब माझ्यावर सांडला.

तेव्हापासून तिने एकही निवडणूक चुकवली नाही. दीवानसाहेब तीनदा जिंकले. मग त्यांचाच मुनीम त्यांच्याविरुद्ध उभा राहून जिंकला. सत्त्याहत्तरला एका वैद्यबुवांनी मुनिमाला घरी बसवलं. नाल्यावर पूल बांधायचं वचन मात्र प्रत्येकाने दिलं. शेवटी ज्याने तो बांधला, त्यालाच लोकांनी पुढच्या खेपेला पाडलं! पुढे सीमा बदलल्या आणि आमचं गाव जागचं न हलता शेजारच्या मतदारसंघात गेलं. पेट्या गेल्या, यंत्रं आली. हरबाई मत कोणाला देते, हे तिने कधी कोणाला कळू दिलं नाही. मला वाटतं, ती निम्मी मत द्यायला यायची आणि निम्मी आपलं नाव ऐकायला. घरात ती आधी सून होती, मग आई झाली, मग बऊ, म्हणजे आजी. हरबाई ती फक्त माझ्यासमोर असायची.

मागच्या निवडणुकीआधी शाळेतल्या बाई घरोघर विचारून आल्या. म्हाताऱ्यांचं मत घरी येऊन घ्यायची सोय झाली होती. “बऊ नको म्हणाली,” बाई गुरुजींना सांगत होत्या. “म्हणे, घरी मला कोण पुकारणार? काय म्हणायचं होतं तिला, देव जाणे.”

मला कळलं होतं.

मतदानाच्या दिवशी नातसुनेचा हात धरून ती आली. वय ब्याण्णव, कंबर पार वाकलेली. माझ्यामागे एक तरणाताठा अधिकारी होता आणि रांग पार फाटकापर्यंत गेली होती. त्याने चिठ्ठी पाहिली, “चारशे बारा” एवढंच म्हणाला आणि शाईवाल्याकडे बोट दाखवलं. ती हलली नाही.

“पुढे व्हा, अम्मा.”

“नाव घे, लल्ला.”

“आहे ना यादीत तुमचं नाव. सगळं बरोबर आहे.”

“आहे ते मलाही ठाऊक आहे. तू घे.”

“ए डोकरे,” रांगेतून कोणी ओरडलं, “आम्ही काय उद्या मत द्यायचं?”

“मी सत्तर वर्षं येतेय, तू दोन मिनिटं थांब!”

सगळी खोली हसली. तो पोरगाही हसला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “हरबाई, पती हरप्रसाद!”

“हां. मीच ती.”

नातसून तिच्याकडे बघतच राहिली. “बऊ, तुमचं नाव हरबाई? अकरा वर्षं झाली मला या घरात, आणि मला माहीतच नाही!”

“मग तुझं तरी मला कुठं माहीत आहे, पनवारीवाली?”

नातसून पुढे सरकली. तिची पाळी आली. अधिकाऱ्याने वाचायला तोंड उघडलं, पण त्याच्याआधी तीच बोलली, त्याच्याशी नव्हे, म्हातारीशी. “फुलवती. बऊ, माझं नाव फुलवती.”

पुढच्या खेपेला इथे प्लास्टिकचं टेबल येणार, असं ऐकतोय. माझी रवानगी कोठीत होईल. होऊ दे, पुष्कळ मिरवून झालं. फक्त जो कोणी ती यादी घेऊन बसेल, त्याला माझं एवढंच सांगणं आहे, की बाबा रे, घाई करू नकोस. नाव मोठ्याने घे.

मत देऊन त्या दोघी निघाल्या, तेव्हा दारातल्या पायरीवर म्हातारी अडखळली.

“फुलवती,” तिने हाक मारली, “हात दे गं.”