ताईच्या सहीचा नमुना

रकाना १. मालकाचे नाव

नाव आहे त्याला, पण त्या नावाने फारसं कोणी हाक मारत नाही. दातांचे डॉक्टर, न्हावी, समोरचा किल्लीवाला, सगळे ‘मालक’ म्हणतात. किल्लीवाला तर मुद्दाम रस्त्यापलीकडून विचारतो, “काय मालक, आज झाडूवाला आला नाही वाटतं?” कारण मालकाच्या दुकानात झाडू मारायला, बिल फाडायला, टेम्पोतून खुर्ची उतरवायला आणि गिऱ्हाइकाची बोलणी खायला एकच माणूस दिसतो.

काम खुर्च्यांचं. दाताच्या दवाखान्यातली किंवा न्हाव्याकडची फाटलेली, पोटातला स्पंज बाहेर आलेली खुर्ची आणायची, जुनं आवरण सोलायचं, नवीन रेक्झिन ताणून चढवायचं. दवाखान्यांना पक्कं बिल लागतं म्हणून कंपनी काढली. दरवर्षी कराचं विवरणपत्र भरायचं, आणि त्यात पहिल्याच ओळीत लिहायचं: एकमेव मालक. हे दोन शब्द लिहिताना त्याची छाती जराशी फुगायची. खोटं कशाला बोला.

रकाने २ आणि ३ पत्त्याचे. खाली दुकान, वर दोन खोल्या. पुढे.

रकाना ४. कामावरील माणसे

इथे गाडी अडते.

रेक्झिन चढवणं हे मालकाचं काम. पण चढवण्याआधी ते शिवावं लागतं. बैठकीचा तुकडा, कडेची पट्टी, खुर्चीच्या हातांना घालायची गवसणी. आणि शिवण दुहेरी, अशी पक्की की दाढ काढताना माणसाने कितीही नखं रुतवली तरी उसवू नये. ती शिवण ताईची. दुकानाच्या मागच्या खोलीत ती मशीनवर बसते, म्हणून रस्त्यावरून दिसत नाही.

ताई म्हणजे मालकाची थोरली बहीण. मालकाने लग्न केलं नाही, ताईचं टिकलं नाही. तयार कपड्यांच्या कारखान्यात ती अकरा वर्षं होती. कारखाना बंद पडला तशी एक पेटी घेऊन भावाकडे आली, मागच्या खोलीतला ढीग बघितला आणि म्हणाली, “दोन दिवस हात लावते रे छोट्या, फारच तुंबलंय तुझं.” बावन्न वर्षांच्या माणसाला छोट्या म्हणणारी जगात ती एकटीच.

त्या दोन दिवसांना आता नऊ वर्षं झाली.

आणि पगार? आपल्याच माणसाला कोणी पगार देतं का. राहायचं एकत्र, जेवायचं एकत्र, भाडं भाऊ भरतो. तिने मागितला नाही, याने विषय काढला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

रकाना ४, पुन्हा (हा भाग तो कोणाला सांगत नाही)

पहिल्या वर्षी करसल्लागार बाईंनी पेनाचं टोपण काढून विचारलं, “कामाला कोण आहे?”

“बहीण आहे.”

“पगार देता ना?”

इथे ‘नाही’ म्हणता आलं असतं. साधा शब्द. पण बाईंचं टेबल इतकं नीटनेटकं होतं, आणि त्यांनी मान वर करून अशी काही नजर टाकली, की ‘सकाळपासून संध्याकाळपर्यंत शिवते, पण नाही देत’ हे वाक्य त्याला म्हणवेना.

“देतो की,” तो म्हणाला.

“किती?”

चिक्कू दिसू नये म्हणून त्याने आकडा चांगला सांगितला. बाईंनी तो नफ्यातून वजा केला आणि कर जवळजवळ निम्म्यावर आला. चोर म्हणायचं तर म्हणा त्याला, पण चोरी करायला म्हणून तो गेला नव्हता. लाजेपोटी एक खोटं बोलला आणि त्या खोट्याने घसघशीत कमाई करून दिली. अशा वेळी माणूस काय करतो? पुढच्या वर्षी पुन्हा बोलतो.

“पगारपत्रकावर त्यांची सही आणा,” बाई म्हणाल्या.

मालक एक मजला खाली उतरला, कागद भिंतीला लावला आणि ताईची सही ठोकली. तिची खरी सही त्याने कधी पाहिलीच नव्हती. सख्ख्या बहिणीची सही कोण बघत बसतं? बायका कशी करत असतील अशा अंदाजाने त्याने गोलगरगरीत नाव काढलं, खाली रेघ ओढली. पेन अडखळलं आणि रेघेखाली दोन टिंबं पडली. मग अर्धा तास जिन्यात उभा राहिला आणि घरी जाऊन आल्यासारखा धापा टाकत वर गेला.

अशा आठ सह्या. टिंबं दरवर्षी न चुकता दिली.

(मागच्या वर्षी असंच विवरणपत्र भरायच्या दिवसांत ताई म्हणाली होती, “चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक. थोडे पैसे मिळतील का? लगेच नको, जमेल तेव्हा.” मालक म्हणाला, “बघू. आता कराचं बघायचंय.” ताई म्हणाली, “हो हो, आधी कर.” त्याच दुपारी त्याने तिच्या बारा महिन्यांच्या पगाराची सही केली. हे कंसात घातलं आहे, कारण त्यानेही ते मनात कंसातच ठेवलं होतं.)

सूचना, बारीक अक्षरात

यंदा बाई म्हणाल्या, “नियम बदललाय. पगार मिळाला असं तुमच्या माणसाने माझ्यासमोर लिहून द्यायचं. सही जुन्या कागदांशी ताडून बघायची. नाही जुळली तर मागची सगळी वर्षं उघडतात. परवा शेवटची तारीख, उद्या घेऊन या त्यांना.”

“वयाने सही बदलते ना थोडी?” मालकाने विचारून बघितलं.

“शिवणकाम करतात ना त्या? हात पक्का असेल,” बाई म्हणाल्या.

घरी येईपर्यंत त्याच्या डोक्यात एकच चक्र फिरत होतं. ताईने स्वतःची सही केली तर ती खोटी ठरणार. त्याची खोटी सही केली तरच ती खरी. म्हणजे आता तिला तिचीच सही शिकवायची.

कच्चं

तिला काय सांगायचं, याचे मसुदे त्याने मागच्या खोलीच्या दाराबाहेर उभं राहून केले.

“ताई, एक छोटीशी सही हवी होती.” (छोटीशी. हे त्याचं त्यालाच ऐकवेना.)

“ताई, सरकारने नवीन नियम काढलाय बघ.” (हे बरं वाटलं. दाराला हात लावेपर्यंत टिकलं.)

“ताई, माझं चुकलं.” (हे दाराबाहेर ठेवून तो आत गेला.)

पक्कं

आत जाऊन त्याने मागच्या वर्षीच्या पगारपत्रकाची आपल्याकडची प्रत मशीनच्या फळीवर ठेवली. ताईने पायाखालची पट्टी थांबवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद नाकाशी नेला.

“नाव माझंच आहे,” ती म्हणाली.

“हो.”

“सही कोणाची?”

“तुझी.”

“माझी अशी नाहीये.”

“ताई, अशी करावी लागेल. उद्या. सल्लागार बाईंसमोर.”

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती वाचत होती. बोट एकेका ओळीवरून सरकत आकड्याशी थांबलं.

“हा महिन्याचा?”

“हो.”

“मला?”

“कागदावर.”

ताईने आकडा पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाली, “कारखान्यापेक्षा बराच जास्त आहे.” आणि हे म्हणताना, अगदी क्षणभर, तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसला. आपल्या कामाची कोणीतरी बरी किंमत केली, असा. मालकाला वाटलं, हिने फळीवरची कात्री उचलून मारली असती तरी चाललं असतं, पण हे नको होतं.

“कधीपासून?”

“पहिल्या वर्षापासून.”

“मागच्या वर्षीही होता?”

“होता.”

“हं,” ताई म्हणाली. चष्म्याचं ती काही बोलली नाही. त्याला मात्र दुसरं काही ऐकूच येईना.

“नाही केली तर काय होईल?”

“मागचं सगळं उघडतील. कर, दंड. टेम्पो जाईल, कदाचित दुकानही.”

“मग बस. दाखव कशी करतोस ते.”

रेक्झिन कापायच्या खाकी कागदावर त्याने करून दाखवली. ताई शिकू लागली. दुसरीतल्या मुलीसारखी जीभ दातात धरून.

“ही टिंबं कशाची? मी कुठे टिंबं देते?”

“पहिल्या वर्षी चुकून पडली. मग दरवर्षी द्यावी लागली.”

“शाबास,” ताई म्हणाली. “अभ्यासात एवढं सातत्य असतं तर आई सुखाने गेली असती.”

पंधराव्या खेपेला तिची त्याच्यापेक्षा सरस आली. तिने दोन्ही शेजारी धरून बघितल्या, माल तपासावा तशा. “तुझी रेघ थरथरते,” ती म्हणाली. “माझी सरळ आली बघ.” मग खाकी कागद चुरगाळून तिने केराच्या डब्यात टाकला आणि राहिलेली गवसणी शिवायला घेतली. बराच वेळ मशीनचा आवाज अगदी नेहमीसारखा येत होता.

घोषणापत्र

दुसऱ्या दिवशी ताई ठेवणीतली पर्स घेऊन आली. बाईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, “ऐकून होते तुमच्याबद्दल” म्हणाल्या. ताई खुर्चीच्या अगदी कडेवर बसली आणि बसता बसता तिने खालून बोटाने शिवण चाचपून पाहिली.

“इथे,” बाईंनी जागा दाखवली.

ताईने सही केली. गोल, रेघ, दोन टिंबं. बाईंनी आठ जुने कागद पंख्यासारखे पसरले आणि एकेक ताडून बघितला.

“जुळली,” त्या म्हणाल्या. “आता एक तोंडी विचारावं लागतं. वर्षभराचा पगार तुमच्या हातात मिळाला ना?”

मालक टेबलावरच्या टाचण्यांच्या डबीकडे बघत होता. त्याला वाटलं, ताई नाही म्हणेल. त्याने मनाची तयारीही केली होती. रात्रभर तेवढंच केलं होतं.

“हो,” ताई म्हणाली. “मिळाला की. अगदी वेळेवर.”

एवढंच म्हणून थांबली असती तर कदाचित तो गप्प राहिला असता. खरंच राहिला असता का, त्याची त्यालाच खात्री नाही. पण ताईची मान खाली गेली होती आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. जन्मात खोटं न बोललेली बाई परक्या टेबलापुढे त्याच्याऐवजी लाजत होती.

“नाही दिला,” मालक म्हणाला.

“काय?”

“पगार. एकदाही नाही दिला. नऊ वर्षांत.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग ताईकडे, मग कागदांकडे.

“मग या सह्या?”

“आठ माझ्या,” मालक म्हणाला.

“आणि ही?”

“ही माझीच,” ताई म्हणाली. “कालच शिकले.”

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. मालकाला वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी ड्रॉवरमधून कोरे अर्ज काढून मोजले. आठ सुधारित विवरणपत्रं, प्रत्येक वर्षाचं वेगळं, वर यंदाचं. कर व्याजासकट, दंड वेगळा. “स्वतःहून सांगितलंत म्हणून दंड थोडा कमी लागेल,” त्या म्हणाल्या. “पण टेम्पो काही वाचत नाही. आणि त्यांचा पगार आता देणं म्हणून धरावा लागेल. देणार आहात ना? की पुन्हा नुसतं लिहू?”

“देणार,” मालक म्हणाला. आवाज इतका खाली गेला होता की बाईंनी पुन्हा विचारलं, आणि त्याला तो शब्द ताईसमोर दुसऱ्यांदा, मोठ्याने म्हणावा लागला.

“तुमची खरी सही द्या इथे,” बाईंनी ताईपुढे कोरा कागद सरकवला.

ताईने पेन टेकवलं आणि उचललं. झालं. बारीक, तिरकी, दोन अक्षरं आणि एक सुटलेला फाटा. रोज सकाळी कारखान्याच्या हजेरीबुकात, मागे शंभर बायका खोळंबलेल्या असताना करायची सही. मालक वाकून बघत राहिला.

रकाने ५ ते ११ (बाईंनी भरले)

रस्त्यावर आल्यावर ताई पुढे, मालक दोन पावलं मागे.

“ताई, काहीतरी बोल.”

“काय बोलू? दातवाल्याच्या तीन गवसण्या संध्याकाळी द्यायच्यात.”

“शिव्या दे.”

“सवड नाही.”

रस्ता ओलांडायला दोघं थांबली. गाड्या चालल्या होत्या.

“आज अर्धा दिवस गेला माझा,” ताई म्हणाली. “कापणार असशील तर आत्ताच सांग.”

चेष्टा असेल म्हणून त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती डावीकडून येणारी गाडी बघत होती.

“नाही कापणार,” तो म्हणाला.

“बरं,” ताई म्हणाली, पगार देणाऱ्या माणसाला म्हणतात तसं. गाडी गेली, आणि ती त्याच्यासाठी न थांबता पलीकडे निघाली.