शेंदराच्या दोन रेघा

ठाण्याजवळच्या पूर्णा गावच्या गोदामरस्त्यावर, एका जुन्या गाडीच्या उघड्या बॉनेटसमोर माणसे चपला काढून उभी होती. यंत्रसिद्ध राघोमहाराजांनी टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाची वरची-खालची चाके एकत्र फिरवणारा दातेरी पट्टा, नुकताच बदलला होता. वरच्या मोठ्या चाकावर आणि त्याला लागून इंजिनाच्या अंगावर त्यांनी शेंदूर माखला व त्यात समोरासमोर दोन रेघा ओढल्या.

"वरचं चाक आंधलं, खालचं बहिरं. मंत्राबिगर त्यांची गाठ पडत न्हाय."

शिष्याने पान्याने खालचे चाक दोनदा फिरवले. दुरावलेल्या रेघा पुन्हा भेटल्या. हात जोडले गेले. टेम्पोवाल्यांनी तिथेच नंबर लावले.

गाडी सुरू झाली ती थरथरत.

"अंगात आलंय तिच्या," महाराजांनी निदान केले.

गाडी केसरीनाथची. उद्या तिच्यातूनच त्याच्या बायकोला, कमळबाईंना, डायलिसिससाठी ठाण्याला जायचे होते. भौतिकशास्त्र शिकवण्यात हयात गेलेल्या कमळबाई गाडीशेजारीच पूजेचे ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांना प्रश्न पडला: देव संचारला, तर गाडी उभ्या जागी धापा का टाकते? ती खाडीपुलावर बंद पडली, तर त्यांच्या रक्तातले विष काही थांबणार नव्हते.

"बंद करा ती. महाराज, माझं कुंकू चालेल?"

"गप ऱ्हा गो," केसरीनाथ पुटपुटला. "देवाचं काम हाय."

"देवाला घाई न्हाय. जायचं मला हाय."

वरचे चाक थांबले होते तिथेच त्यांनी त्यावर आणि शेजारी इंजिनावर आपल्या ताटातल्या कुंकवाच्या समोरासमोर दोन रेघा ओढल्या. शिष्याने खालचे चाक दोनदा फिरवले. रेघा जुळल्या.

"बघा, मीही सिद्ध झाले. खालचं चाक दोनदा फिरलं की वरचं बरोबर एकदा फिरतं. रेघ कुठंही ओढा, जागेवर परत येणारच. आता खालच्या चाकाची कंपनीची खूण जुळवा."

ती जुळली. कमळबाईंनी शेंदूर पदराने पुसला. त्याखाली कंपनीने कोरलेल्या दोन खाचा निघाल्या, एक वरच्या चाकावर, एक इंजिनावर. एकमेकींपासून एक दात दूर.

"बेल्ट एक दात चुकलाय. व्हॉल्व्ह अवेळी उघडतात, म्हणून थरथर. आणखी चुकला असता, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळले असते."

"एका दातानं काय होतंय, बाई?" महाराज हसले.

"मग तो झाकलात कशाला?"

केसरीनाथने पाना शिष्याकडून घेऊन महाराजांच्या हातात ठेवला.

"मंत्र ऱ्हाऊ द्या. बेल्ट काढा, नीट बसवा."

या वेळी वरच्या-खालच्या खाचा एकाच वेळी जुळल्या. दोन फेऱ्यांनंतरही जुळल्या. गाडी सुरू झाली आणि तिच्या अंगातला देव मुकाट्याने उतरला. टेम्पोवाले चपला शोधू लागले.

निकाल पाहून ओढलेली रेघ नेहमीच जुळते. यात सिद्धी नाही, लबाडी आहे. म्हणून कोणी चमत्कार दाखवला, की हात जोडण्याआधी एवढेच विचारावे: ही खूण आधीची, की नंतरची?