आवडीची चौकशी

मंगळ्या कोपरापर्यंत शेणमातीत हात घालून घराचा कूड लिंपत होता, तेवढ्यात निडीच्या रेल्वे फाटकावरून जीप वळल्याचा आवाज आला. पोलिसांचीच जीप, कातकरवाडीला तो आवाज झोपेतही कळायचा. हातातला गोळा तिथेच टाकून तो पळाला. शेजारचा काळू त्याच्याही पुढे होता. बघता बघता वाडीतले सगळे बाप्ये मागच्या रानात दिसेनासे झाले.

आता यांनी काही केले होते का? छे! पण वरसे गावात पंप चोरीला गेला, खांब गावात तार तुटली की जीप आधी इथेच यायची. मंगळ्याची पोर आवडी जन्मली त्या वर्षी असेच झाले होते. मंगळ्या कोण, म्हणून विचारल्यावर हा भाबडेपणाने ‘मी’ म्हणाला, आणि चोरीचा पंप भलत्याकडेच सापडेपर्यंत कोठडीत बसला. तेव्हापासून वाडीने रीतच करून टाकली. बाप्यांनी पळायचे, आणि मागे राहील त्याने कोणालाच ओळखायचे नाही.

अशा वाडीतली पोर बारावीनंतर गुन्हेशास्त्राची पदवी घेते म्हणाल्यावर काळू पोट धरून हसला होता. गुन्ह्यासाठी पैसे कशाला घालवायचे, आपल्यावर तर तो फुकटात घालतात, म्हणाला. मग शहाण्यासारखा हिशेबही मांडला. फी सरकार भरेल, पण राहण्याखाण्याचे काय? वीटभट्टीवर दोन हात कमी होणार ते वेगळेच. आणि एवढे करून पोटाला काय मिळणार? त्यापेक्षा पोरीला कंपनीत लाव, शिफ्टचे पैसे तरी दिसतील.

मंगळ्याला ते सगळे पटले होते. तरी त्याने आवडीला जाऊ दिले, कारण तिला नाही म्हणणे त्याला कधी जमलेच नाही. ती शिकत होती तोवर बायको पारी आणि तो, दोघांनी भट्टीवर तिच्या वाट्याचेही काम ओढले. आणि गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. नोकरी लागली होती. गुन्ह्यात सापडलेल्या लहान पोरांच्या घरी जायचे, विचारपूस करायची, पोर असे का वागले ते कोर्टाला सांगायचे. फक्त आधी चौकशी होईल, मग हुकूम हातात मिळेल. चौकशी म्हणजे कचेरीत कोणीतरी कागद चाळेल, असे मंगळ्या धरून चालला होता.

करवंदीच्या जाळीमागे उकिडवा बसून तो आता कान देऊन ऐकत होता. अंगणात ठमाबाई होती. म्हातारीला पळणे कुठले जमायला! हवालदाराने तिला विचारले, आवडी मंगळ्या हिलम कुठे राहते?

“कोण आवडी? हितं तशी कोण नाय.”

याच ठमाबाईने आवडीला जन्मताना हातात झेलले होते. हवालदार पुढच्या दारी गेला. तिथेही नाय. त्याच्या पुढेही नाय. पारी असती तर काही बोलली असती, पण ती मोळी घेऊन रोह्याला गेली होती. काळूने जाळीमागे कौतुकाने मान हलवली. बायका शिकवल्यासारख्या एकसारखे बोलत होत्या.

हवालदार जीपपाशी परतला. बॉनेटवर कागद ठेवून ड्रायव्हरला म्हणाला, पत्ता खोटा दिसतोय, तसंच लिहून टाकतो.

तेव्हा कुठे मंगळ्याच्या डोक्यात उजेड पडला. अरे, हीच ती चौकशी! तो उठायला गेला. पण कोठडीची ओली फरशी आठवली आणि तो पुन्हा खाली टेकला. काळूने त्याचा सदरा घट्ट धरला. मंगळ्याने तो सोडवला आणि मातीचे हात तसेच पुढे धरून बाहेर आला.

“माझी पोर हाय ती. मी मंगळ्या.”

ठमाबाईने कपाळावर हात मारला. पण म्हातारी हार मानणारी नव्हती.

“येडा हाय ओ हा, सायेब. याला पोरच नाय.”

हवालदार एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला आणि मग हसलाच. मंगळ्याला म्हणाला, बसा. खाकी कपड्यातल्या माणसाने त्याला असे कधीच म्हटले नव्हते, म्हणून तो उभाच राहिला. पोरगी वागायला कशी आहे, हवालदाराने विचारले. मंगळ्याने पुष्कळ विचार करून सांगितले, लय प्रश्न विचारते. त्याचाच पगार मिळणार आहे तिला, हवालदार म्हणाला. फक्त तिच्या चांगल्या वागणुकीबद्दल वाडीतल्याच दोघांनी सांगायला हवे, घरातले नकोत.

मंगळ्या रानाकडे तोंड करून ओरडला.

“काळू, भायेर ये. आवडीसाठी अंगठा पायजे.”

आधी करवंदीची जाळी हलली. मग काळू आला, दबकत, पळायची वाट पाठीमागे मोकळी ठेवून. स्वतःचे खरे नाव सांगताना त्याला घाम फुटला. आवडीबद्दल विचारल्यावर मात्र तो सरळ उभा राहिला.

“पोर चांगली हाय. खोटं बोलत नाय. आमच्यात तेवढी एकच.”

त्याचा अंगठा उठतो न उठतो तोच ठमाबाईने आपलाही अंगठा पुढे केला. हवालदाराने विचारले, आजी, मघाशी तर तुम्ही तिला ओळखत नव्हता?

“मघाशी तुमी सांगितलं नाय ना, कशाला पायजे ती.”

कोणीतरी कोरा चहा आणला. तो पिऊन हवालदार निघून गेला. काळू निळ्या अंगठ्याकडे बघत बसला होता. मंगळ्या पुन्हा कूड लिंपायला लागला. आनंद एवढा झाला होता की सारवलेल्या जागीच तो परत सारवत होता. काळू त्याच्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, माझी जनी औंदा नववीला हाय. तिला त्या कॉलेजात घालायला काय काय लागतं रे?

तिन्हीसांजेला लांब पळालेले बाप्ये एकेक करून परतले. कोणाला नेला, त्यांनी दबक्या आवाजात विचारले.

“कोणाला नाय,” ठमाबाई म्हणाली. “च्या पिऊन गेला.”

त्यांचा विश्वास बसेना. घरोघरी डोकावून त्यांनी माणसे पाहिली. सगळी होती.