नऊचा दगड

लवू घाडीगावकर रस्त्यावर गेला तेव्हा फेब्रुवारी त्र्याऐंशी चालू होता. घाटकोपरहून चेंबूरमार्गे माहुलला जाणाऱ्या राज्यमार्गावर तो रोड गँगचा मुकादम होता. दुपारी खड्ड्यांत डांबर ओतायचं काम चाललं होतं. मागून आलेल्या तेलाच्या टँकरनं लाल झेंडी उडवली आणि लवूलाही. त्याची बायको सुगंधा इस्पितळात पोचली तेव्हा सगळं संपलेलं होतं.

ती मॅट्रिक पास होती. वर्षभरानं खात्यानं तिला लवूच्या जागी घेतलं, पण रस्त्यावर नाही. उपविभागाच्या कार्यालयात कारकून म्हणून. घरी सासू होती आणि नऊ वर्षांची अनुपमा. सुगंधा सकाळी डबा भरायची, कामावर यायची, सांगितलेलं काम करायची. रडत नव्हती. बाकीच्या बायका तिला धीराची म्हणत. तिला स्वतःला तसं काही वाटत नव्हतं. डाव्या कुशीवर झोपून हात बधिर व्हावा, तशी ती सगळीच झाली होती.

पंच्याऐंशीत वरून पत्रक आलं. राज्यमार्गांचे क्रमांक बदलले होते. माहुलचा रस्ता आठ नंबरचा होता, तो शहात्तर झाला. शिवाय आजवर किलोमीटर घाटकोपरपासून मोजत, ते आता माहुलपासून मोजायचे होते. हेडक्लार्क नंदकिशोर राण्यांनी कपाटातून जुनी रोड रजिस्टरं काढून तिच्यापुढे ठेवली.

"तुमचं अक्षर चांगलं आहे. नव्या रजिस्टरात सगळं उतरवून घ्या. जुना नंबर, नवा नंबर, दोन्ही."

मग कपाट लावत म्हणाले, "हा रस्ता नको असेल तर मुलुंडचा देतो."

"चालेल हाच," सुगंधा म्हणाली.

तीन महिने ती तेच लिहीत होती. पहिली पानं इंग्रजी अमदानीतली होती. तेव्हा ही नुसती पाऊलवाट होती, कोळणी डोक्यावर पाट्या घेऊन जायच्या तेवढीच रुंद. महायुद्धात लष्करानं तिच्यावर खडी टाकली. पुढे तेलाचे कारखाने आले, रस्ता रुंद झाला, जिल्हामार्ग झाला, नंतर राज्यमार्ग. कुठे मोरी बांधली, कुठलं वडाचं झाड पाडलं, सगळं नोंदलेलं होतं. रस्ता अकरा किलोमीटरचा. त्यामुळे एकचा दगड दहाचा झाला, दोनचा नऊचा. जुन्या रजिस्टरात नऊच्या पानावर अपघातांच्या रकान्यात लवूचं नाव होतं. तिनं ते नव्या रजिस्टरात दोनच्या पानावर उतरवलं, शाई वाळू दिली आणि पुढचं पान घेतलं.

टँकरच्या ड्रायव्हरवरचा खटला शहाऐंशीत उभा राहिला. गँगची बाकी माणसं तेव्हा वळणापलीकडे होती. साक्षीदार एकच, माहुलच्या कोळीवाड्यातली पार्वती. त्या दुपारी ती मासळी विकून रिकामी पाटी घेऊन परतत होती. तिनंच लवूचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

आरोपीच्या वकिलानं तिला विचारलं, "अपघात कुठे झाला?"

"रस्त्यावर. आमच्या गावाकरं वलतो तिथं."

"कितव्या दगडापाशी?"

"मना नंबर ठाव नाय."

वकिलानं पंचनामा वाचला. त्यात नऊचा दगड लिहिला होता. मग त्यानं आदल्याच आठवड्यात घेतलेला फोटो काढला. नऊचा दगड घाटकोपरजवळ, दुकानांच्या रांगेत दिसत होता. त्याचा अशील त्या दिवशी चेंबूरच्या अलीकडे, घाटकोपरच्या बाजूला आलाच नव्हता. कंपनीच्या गेटवरची नोंद तसं सांगत होती. मग ही बाई कुठला अपघात पाहून आली होती?

सरकारी वकील मृणालिनी ताम्हाणे यांनी मुदत मागितली आणि खात्याला रजिस्टर घेऊन कोणाला तरी पाठवायला कळवलं. रजिस्टर लिहिणारी सुगंधाच होती. तिलाच जावं लागलं.

पिंजऱ्यात उभी राहून तिनं दोन्ही रजिस्टरं उघडली. न्यायाधीशांनी सगळं पहिल्यापासून सांगायला सांगितलं, तसं तिनं सांगितलं. पाऊलवाट, लष्कराची खडी, जिल्हामार्ग, आठ, शहात्तर. "दगड उपटले नाहीत, साहेब. जागेवरच रंग देऊन आकडे बदलले. पंचनामा त्र्याऐंशीचा आहे. तेव्हाचा नऊ तो आजचा दोन. माहुलच्या वळणावरचा. फोटोतला नऊ तेव्हा दोन होता."

आवाज एकदाही हलला नाही. ती पाढे म्हणावे तशी बोलत होती.

वकिलानं विचारलं, "ही नोंद तुमच्या हातची?"

"हो."

"मयताशी तुमचं नातं?"

"नवरा."

"म्हणजे सोयीची नोंद करून घेतलीत."

सुगंधानं जुनं रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं. "ही जुनी नोंद माझ्या नवऱ्याच्या साहेबांच्या हातची आहे. माझी फक्त नक्कल. मोजून बघा."

न्यायाधीशांनी मोजून बघितलं.

ड्रायव्हरला दीड वर्षाची शिक्षा झाली. किडकिडीत, डोळे खाली घातलेला माणूस होता तो. त्याला नेताना सुगंधानं बघितलं. राग येईल असं तिला वाटलं होतं. आला नाही.

बाहेर पायऱ्यांवर पार्वती बसली होती. "बरा वाटला का गं?"

"काहीच वाटत नाही बघ."

पार्वती सरकून बसली. "तुझा नवरा बोललेला. कोर्टात कोनी विचारला नाय, म्हनून मी सांगितला नाय."

"काय बोलले?"

"डांबर गरम हाय, पाय टाकू नको म्हनाला. मना."

"बस, एवढंच?"

"एवराच. मंग डोले मिटले."

सुगंधा बसनं घरी आली. सासूला शिक्षेचं सांगितलं, भात टाकला. जेवताना अनुपमाला लवूचं ते बोलणंही सांगितलं. अनुपमा आता अकरा वर्षांची होती. तिनं घास हातात धरून विचारलं, "मग तिचा पाय भाजला का?"

सुगंधानं ताट बाजूला सारलं. बाईनं तिच्या नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती एवढंही न विचारता बसमध्ये चढली होती. तिला लाज वाटली. किती दिवसांनी काहीतरी वाटत होतं.

रविवारी ती माहुलला गेली. तीन वर्षांत त्या रस्त्यावर तिनं पाऊल ठेवलं नव्हतं. वळणावर उतरून ती कोळीवाड्यापर्यंत चालत गेली. पार्वती दारात जवळा वाळत घालत होती.

"पाय दाखव तुझा," सुगंधा म्हणाली.

पार्वतीनं उजवा पाय पुढे केला. टाचेपासून करंगळीपर्यंत कातडी गुळगुळीत, पांढुरकी झाली होती. सुगंधा खाली बसली आणि त्या जागेवरून तिनं बोट फिरवलं.

"दुखतं?"

"थंडीन जरा. बस, च्या टाकते."

सुगंधा तिथेच, वाळत्या जवळ्याशेजारी बसून राहिली. पार्वती आत स्टोव्ह पेटवत होती.