पायी आलेला नवरदेव

"हालू नका," म्हणत प्रमिलाबाईंनी नवऱ्याच्या डोक्यावरची पांढरी टोपी काढली, घडी घालून स्वतःच्या कमरेला खोचली आणि चुडामणने दिलेलं हेल्मेट दोन्ही हातांनी त्यांच्या डोक्यावर दाबून बसवलं. हनुवटीखालचा पट्टा काही केल्या लागेना. रतिलाल आबांनी मान वर करून, डोळे मिटून ते सगळं सोसलं. न्हाव्यापुढे बसताना ते असेच बसत.

"हाई काय भगोनं ठी दिधं डोकावर?"

"नियम शे त्यासना. पडनात तर डोकं फुटाले नको."

"पडसू काबर?" आबा म्हणाले. पट्टा लागला तसे ते सरळ उभे राहिले आणि बायकोकडे बघून हसले. धोतर, सदरा, त्यावर काळं कुळकुळीत हेल्मेट. आजूबाजूच्या चार-सहा पाहुण्यांनी तोंडावर हात ठेवले. नात भूमिका मोबाइल घेऊन सज्जच होती.

चोपड्यापासून थोडं पुढे, सातपुडा हाताच्या अंतरावर दिसतो तिथे चुडामणने आपल्या केळीच्या बागेत हे नवं काम सुरू केलं होतं. शहरातल्या लोकांनी यावं, बाग बघावी, भरीत-पुरी खावी आणि आयुष्यात कधी घोड्यावर बसले नसतील तर बसावं. एक तपकिरी तट्टू होतं, मोती, पोरासोरांसाठी. आणि एक पांढरी घोडी, चांदणी, मोठ्यांसाठी. ती त्याने डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली होती. फेरी छोटीशी. गोठ्यापासून केळीच्या दोन ओळींमधून मारुतीच्या ओट्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. दोरी चुडामणच्या हातात, घोडी पावलापावलाने चालणार. नवख्या माणसाला त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं.

पण रतिलाल आबा घोड्याला घाबरतात, हे साक्री तालुक्यातल्या त्यांच्या गावाला ठाऊक होतं, एरंडोलकडच्या प्रमिलाबाईंच्या माहेराला ठाऊक होतं, आणि सोयऱ्यांत एखाद्याला ठाऊक नसलंच तर प्रमिलाबाई सांगायला समर्थ होत्या.

ती गोष्ट एक्केचाळीस वर्षांची होती. प्रमिलाबाईंचे वडील गावातले मोठे नावाजलेले, तसेच मोठे तापट. त्यांच्या गावात तोवर कुणाचा नवरदेव घोडीवर आला नव्हता, बैलगाडीतच यायचा. थोरल्या लेकीचा नवरदेव मारुतीपासून मांडवापर्यंत घोडीवर येणार, असं त्यांनी साऱ्या गावाला सांगून ठेवलं होतं. वना नावाच्या माणसाची घोडी तालुक्याहून आणवली, तिला झूल घातली, कपाळावर गोंडे बांधले. नवरी मुलगी मैत्रिणींबरोबर घराच्या धाब्यावरून, मातीच्या छतावरून चोरून बघत होती. नवरदेव मारुतीच्या पाया पडून आला. घोडीजवळ गेला. तिच्या पोटावर हात ठेवला, क्षणभर थांबला आणि एकदम मागे सरला. वनाशी काहीतरी कुजबुजला. मग साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, माले भ्याव वाटस, मी पायी येस.

पुढे बँड, मध्ये रिकामी घोडी आणि तिच्या बाजूने मुंडावळ्या सावरत चालणारा नवरदेव, अशी ती मिरवणूक निघाली. गाव हसून हसून लोटपोट झालं. वडिलांचं तर नाकच कापलं गेलं. मरेपर्यंत ते जावयाला "काय पायी नवरदेव, कसं काय?" असंच विचारत. आणि प्रमिलाबाई? त्या रात्री रडल्या होत्या. मग रडणं किती दिवस पुरणार, म्हणून त्यांनी त्याची गोष्ट केली. हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, बस चुकली तर एसटी स्टँडवरसुद्धा त्या ती सांगत. "अन् हात ठेवताच घोडीनं पोट हालाडं, अन् हाई असे मांगे सरकनात!" इथे त्या स्वतः मागे सरकून दाखवत. बायका पदर तोंडात धरून हसत आणि सगळ्यांत मोठ्याने हसत रतिलाल आबा.

तरी आतला सल गेला नव्हता. माणूस हसतो म्हणजे विसरतो असं थोडंच आहे? पुढच्या महिन्यात आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. त्यासाठीच दोघं जळगावला मुलाकडे, हितेंद्रकडे आले होते. ऑपरेशननंतर उकिडवं बसायचं नाही, उंचावर पाय टाकून चढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते ऐकलं आणि प्रमिलाबाईंच्या मनात आलं, आता हा माणूस घोडीवर बसलेला आपल्याला कधीच दिसणार नाही. तिसऱ्या दिवशी नातीला म्हणाल्या, "माले एकदाव याले घोडीवर देखानं शे." भूमिकाने मोबाइलवर ही बाग शोधून काढली. आबा तर लगेच तयार झाले. एक्केचाळीस वर्षं घाबरणारा माणूस इतक्या सहज कसा तयार झाला, याचं प्रमिलाबाईंना वाटेत जरा नवल वाटलं होतं.

"या आबा," चुडामणने हाक मारली. "आठे पाय ठेवा रिकिबीमा. दोरी मना हातमा शे, काही व्हत नही."

त्याच्या आधी जळगावचे एक चांगले जाडजूड गृहस्थ फेरी मारून आले होते. घोडी घामेजली होती आणि अंग चोरून उभी होती. या वेळी प्रमिलाबाई धाब्यावर नव्हत्या. त्या मुद्दाम घोडीच्या अगदी तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. जे बघायचं ते जवळून बघायचं होतं.

आबा आले ते थेट घोडीच्या मानेशी. मानेवर थाप मारली, आयाळीतून बोटं फिरवली, तिच्या नाकपुड्यांपुढे तळहात धरला. घोडीने तो हुंगला. घाबरणारा माणूस असं करत नाही. प्रमिलाबाईंनी भूमिकाकडे पाहिलं, ती फोटोसाठी कोन शोधत होती.

मग आबांचा हात घोडीच्या खांद्यावरून बरगडीवर आला, तिथून खाली पोटावर. तिथे तो थांबला. आबांनी डोळे मिटले.

हा हात प्रमिलाबाईंच्या पुरता ओळखीचा होता. गावात कुणाची गाय अडली, म्हैस फळली की नाही कळेना, की आबांना बोलावणं येई. कितीही वाजलेले असोत, ते जात आणि गोठ्यात उभे राहून असाच हात ठेवत, असेच डोळे मिटत. मग महिना सांगत. तो चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

आबांनी डोळे उघडले आणि एक पाऊल मागे सरले.

"चुडामणभो," ते हळूच म्हणाले, "हाई गाभन शे."

"नही आबा," चुडामण हसला. "बागमधला डागी केळं खाईखाई पोट सुटेल शे तिनं. आठे येस त्यानं पोट सुटसच. मनं देखा!"

"पोट सुटेल नही. हात आन तुना. आठे, खाले. थांब जरासा."

चुडामणचा हात आबांच्या हाताखाली घोडीच्या पोटावर टेकला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग चुडामणचं हसू गेलं. त्याने घाबरून मागे, पाहुण्यांकडे पाहिलं. ते जाडजूड गृहस्थ उसाचा रस पीत होते. दोघंतिघं मोबाइलवर चित्रण करत होते.

"आबा, माले खरंच माहीत नव्हतं," त्याचा आवाज पार खाली गेला. "इकनारानी काही सांगंच नही. सकायपाशी तीन जण बसाडात मी हिन्यावर."

"सात-आठ महिना व्हई गयात. आजपाइन कोनले बसाडू नको. डाक्टरले दखाड."

"अन् या लोकं? मोबाइलमा टाकी देतीन, गाभन घोडीवर मानसं बसाडस म्हनीसन..."

"त्यासले काही सांगू नको. मी देखस."

आबा वळले. हेल्मेटचा पट्टा सोडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नही जमाव भो आपलाले! माले भ्याव वाटस. मी पायीच जास!"

हशा पिकला. "आजोबा!" भूमिका ओरडली. "इतक्या लांब आलो आपण!" ते जाडजूड गृहस्थ म्हणाले, "अहो काका, काही होत नाही, मी बसलो तर तुम्हाला काय झालं?" आबाही सगळ्यांबरोबर हसले. तेच हसू. हळदीकुंकवाच्या बायकांत मिसळणारं, सगळ्यांत मोठं.

फक्त प्रमिलाबाई हसल्या नाहीत. त्यांचा हात कमरेच्या टोपीवर गेला आणि तिथेच राहिला.

चुडामणने पुढच्या फेऱ्या मोतीवर होतील असं जाहीर केलं आणि चांदणीचं खोगीर उतरवलं. आबांनी तिची दोरी मागून घेतली. "हिले जरा फिराई आनस, घाम सुकी जाई." आणि ते केळीच्या ओळींमधून चालू लागले. गुडघ्यामुळे ते किंचित लंगडत होते. घोडी त्यांच्या चालीने चालली होती. प्रमिलाबाई मागून भराभर गेल्या आणि दुसऱ्या बाजूने घोडीच्या बरोबर झाल्या.

दोन्हीकडे प्लास्टिकच्या पिशव्यांत झाकलेले घड लोंबत होते. पाचोळ्यावर घोडीच्या टापांचा आवाज होत नव्हता. मारुतीचा ओटा दिसू लागला.

"तवयबी?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

आबांनी घोडीच्या मानेवरची एक गोमाशी हाकलली.

"तुना बाप तापट व्हता," ते म्हणाले.

प्रमिलाबाई थांबल्या. घोडीही थांबली. वडिलांचा तो लाल झालेला चेहरा त्यांना दिसला, हातातली काठी दिसली. साऱ्या गावापुढे लेकीच्या लग्नाला गाभण घोडी आणली म्हणून त्यांनी वनाची काय गत केली असती, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? अंगाखांद्याने किडकिडीत होता बिचारा. लगाम धरून चालताना सारखा नवरदेवाकडे बघत होता. धाब्यावरून प्रमिलाबाईंना वाटलं होतं, तोही मनातून हसत असेल.

त्यांना आधी राग आला, आणि तो नवऱ्याचाच.

"मंग माले तरी सांगानं व्हतं!"

"तुना पोटमा ऱ्हास का काही? दुसरा दिवस तुना बापले समजी जातं."

"बापले जाईसन बारा वरीस व्हई ग्यात!"

"हा." आबांनी मान हलवली. जणू हा मुद्दा त्यांना आजच सुचला. मग बायकोकडे न बघता म्हणाले, "तवलोंग सवय पडी गयी. अन् तू गोष्ट चांगली सांगस. ते मांगे सरकीसन दखाडस ना, माले आयकाले बरं वाटे."

प्रमिलाबाईंना ते सगळे हशे आठवले. किती जणांपुढे सांगितलं होतं आपण हे! आबांच्या आईपुढे, सुनेपुढे, सुनेच्या माहेरच्यांपुढे. आणि हा माणूस दर वेळी भिंतीला टेकून बसून हसत होता. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त, या लंगडत्या म्हाताऱ्याची इतकी माया वाटली की ती कुठे ठेवावी हे कळेना. त्यांनी कमरेची टोपी काढली, घडी उलगडली, झटकली आणि घोडीच्या मानेवरून हात लांबवून आबांच्या डोक्यावर घातली. नीट बसवली. त्यांनीही मान वर करून, डोळे मिटून ती बसवून घेतली.

मारुतीच्या ओट्यावर दोघांनी डोकं टेकवलं. प्रमिलाबाईंनी तिथला शेंदूर बोटावर घेतला आणि चांदणीच्या कपाळाला लावला. मग दोघं परत फिरली. या वेळी दोरी प्रमिलाबाईंनी आपल्या हातात घेतली.

गोठ्याजवळ भूमिका मोबाइल धरून उभी होती. मध्ये रिकामी घोडी, एका बाजूला आजोबा, एका बाजूला आजी, असा फोटो तिने लांबूनच काढला होता. ती अजून जराशी रुसलेली होती.

"आजी, घोडीवर बसलेला एक फोटो हवा होता मला. आता घरच्या ग्रुपवर हा टाकते. खाली काय लिहू? आजोबा पुन्हा घाबरले?"

आबांनी नेहमीप्रमाणे हसायला तोंड उघडलं. प्रमिलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग चुडामणकडे पाहिलं. तो खोगीर काखेत धरून, श्वास रोखून उभा होता. मोतीभोवती पाहुण्यांची गर्दी झाली होती.

गोष्ट सांगायची वेळ आली की प्रमिलाबाई पदर खांद्यावर ओढून घेत. तसा त्यांनी तो ओढून घेतला.

"लिही," त्या म्हणाल्या. "नवरदेव पायीच उना. या दाव नवरीबी संगे व्हती."